सुताचा भाव छापणार कोण?

मालेगावचे नाव मोठ्या दैनिकांच्या पहिल्या पानावर केव्हा येते, हे आम्हां कापडवाल्यांना पाठ आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर आले. त्यात धरलेल्या मुसलमानांना २०१६ साली कोर्टाने आरोपमुक्त केले. अटकेला मिळाली तेवढी जागा त्या बातमीला मिळाली काय? सूत महागून माग थांबतात, कारागिराचा आठवड्याचा पगार निम्म्यावर येतो, कांड्या भरणाऱ्या बायकांचे काम सुटते. हे कोण लिहितो?

पण बंधूंनो, दोष एकट्या संपादकांचा नाही. आमचे शिक्षण उर्दूत. मराठी वार्ताहर पेढीवर आला की आम्ही चहा पाजतो आणि विषय टाळतो. (जीएसटीची धास्ती, खरे तर!) बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला, तेव्हा दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळेल म्हणून ते थांबले नव्हते.

दैनिकांनी उर्दू जाणणारा एक तरी वार्ताहर सूतबाजारात बसवावा, ही आमची मागणी आहेच. तोवर आम्ही चौघे व्यापारी दर शनिवारी सुताचा भाव आणि बंद मागांची हकिकत मराठीत लिहून दैनिकांकडे धाडतो. शुद्धलेखन आमची मुलगी तपासते. दोनदा छापून आले, तेही आतल्या पानावर.