यादवी कोणाची?

परवा वर्गात 'यादवी' या शब्दाशी गाडी अडली. मौसलपर्वातली कथा मुलांना अर्धीमुर्धी ठाऊक होती, ती मी पुरी केली. ऋषींचा शाप, चूर्ण करून समुद्रात टाकलेले मुसळ, किनाऱ्यावर उगवलेले लव्हाळे, आणि मद्याच्या धुंदीत त्याच लव्हाळ्यांनी एकमेकांना झोडपून संपलेले यादव. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, इतिहासाच्या पुस्तकात १९६० सालच्या काँगोतल्या लढाईलाही यादवीच म्हटलंय."

"बरोबर आहे," म्हणून मी मोकळा होणार होतो. पण जीभ अडखळली. यादवांना मद्य कोणा परदेशी व्यापाऱ्याने पाजले नव्हते.

बेल्जियमच्या अमलातून काँगो ३० जून १९६० रोजी सुटला, आणि दोन आठवडे उलटण्याआधीच, ११ जुलैला, कटंगा प्रांत फुटून निघाला. फुटायला नेमका तोच प्रांत बरा सापडला! तांबे तिथे, कोबाल्ट तिथे. हिरोशिमावरच्या बाँबचे युरेनियमही बरेचसे तिथल्याच शिंकोलोब्वे खाणीतले. तांब्याच्या खाणी युनियन मिनिएर या बेल्जियन कंपनीच्या ताब्यात. कंपनीने आपला कर केंद्र सरकारकडे न भरता कटंगाच्या चोम्बे यांच्या हाती ठेवला. त्या पैशावर फौज उभी राहिली. तिचे अधिकारी बेल्जियन. पुढे भाडोत्री गोरे शिपाईही आले. तिथल्या जमातींत भांडणे नव्हती असे नव्हे. होती, कडवी होती. पण भांडणाची लढाई व्हायला बंदुका लागतात, आणि बंदुकांना रोकड.

पदच्युत पंतप्रधान लुमुंबा यांना १७ जानेवारी १९६१ रोजी कटंगात नेऊन गोळ्या घातल्या. वय अवघे पस्तीस. बेल्जियन अधिकारी तिथे जातीने हजर होते. मागाहून प्रेतही आम्लात विरघळवले. त्याच वर्षी ५ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया एलिझाबेथव्हिलला कटंगी फौजेशी लढताना पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. वर्गात एकालाही हे नाव ठाऊक नव्हते. मला वाईट वाटले.

कटंगाची फूट जानेवारी १९६३ मध्ये मोडली. लुमुंबांचा एक दात मात्र एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने घरी नेऊन ठेवला होता. तो बेल्जियमने त्यांच्या मुलांच्या हवाली केला जून २०२२ मध्ये!

"मग याला शब्द कोणता, सर?" त्याच मुलाने विचारले. घंटा झाली म्हणून मी सुटलो. घरी येऊन कोश काढला आहे. अजून चाळतोच आहे.