दुःख पेलणे वेगळे, दुःख पिकवणे वेगळे

दुःख माणसाला ईश्वराजवळ नेते, ही ख्रिस्ती श्रद्धेतील मध्यवर्ती धारणा आहे. क्रूसावरील यातना हेच तेथे मुक्तीचे द्वार मानले जाते. महाराष्ट्रात या धारणेचे थोर उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंचे नाव घेतात. ते योग्यच आहे. मात्र त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागेल.

रमाबाईंनी भोगलेल्या दुःखाला सीमा नव्हती. दक्षिणेतील दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई पाठोपाठ गेले. १८८० साली बंधू श्रीनिवास व १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण त्यानंतरही त्यांनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्यास त्यांनी नकार दिला. संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक ते काय, असा त्यांचा सवाल होता. चर्चच्या अधिकाराविषयी त्या आपल्या गुरुभगिनींशी निर्भयपणे वाद घालीत राहिल्या. त्यांना घडविणारे तेज शास्त्राध्ययनाचे व वादपरंपरेचे होते. दुष्काळात पत्नी व पुत्र गमावलेले तुकोबा त्याच आगीतून विठ्ठलचरणी अधिक दृढ झाले. तेव्हा दुःखातून होणारी आत्मोन्नती ही कोणत्याही एका पंथाची मिरासदारी नव्हे.

खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत शेकडो निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आल्या. त्यांचे प्राण वाचले, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु रमाबाईंनी धर्म निवडला तो अभ्यास करून, प्रश्न विचारून. अन्नासाठी दारी आलेल्या पोरीला ती मोकळीक कोठे होती? आपले दुःख पेलणे ही साधना होय. दुसऱ्याच्या भुकेवर श्रद्धेचे पीक घेणे हा त्या साधनेचा अपमान होय.

मात्र हा आक्षेप घेण्याचा अधिकार आपण तरी मिळविला आहे काय? १८९३ साली शारदा सदनातील धर्मप्रभावावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकास्त्र सोडले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. विरोध रास्त होता. पण सदनातून काढून घेतलेल्या विधवा मुलींनी पुढे जावे कोठे, याचे उत्तर सनातनी पुण्यापाशी नव्हते. त्याच वर्षी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला, तेव्हा समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला! त्याच कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेला. हजार अग्रलेखांनी न दिलेले उत्तर त्या झोपडीने दिले.

धर्मांतराची चिंता वाहणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. पीडिताच्या दारी आपण आधी पोहोचलो, आणि त्याच्याकडून कोणतीही अट न घालता पोहोचलो, तरच दुसऱ्याच्या सेवेमागील हेतू विचारण्याचे नैतिक बळ आपल्या शब्दांत येईल.