शाहिराची वेठ बंद करा!

बौद्ध बंधुभगिनींनो,

ज्या गीतांनी आपल्या घराण्यास जागे केले, ती गीते गाणाऱ्या माणसाच्या घरची चूल कशी पेटते, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? जयंतीच्या रात्री त्यास आपण हार घालतो, टाळ्या वाजवितो, पहाटेपर्यंत गाववितो आणि हाती एक नारळ देऊन एस.टी.च्या थांब्यावर सोडून येतो. मांडववाल्याचे बिल मात्र चुकते होते. ध्वनिक्षेपकवाला आगाऊ रक्कम घेतल्यावाचून तार जोडीत नाही. आचाऱ्याशी दर ठरलेला असतो. फक्त गायकाने काय ते "समाजासाठी" गावे! या रीतीस आपण समाजसेवा म्हणतो. मी तिला वेठ म्हणतो.

हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही. वेठ म्हणजे काय, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? गावकीची कामे करताना आपल्या वाडवडिलांना दिवस नव्हता की रात्र नव्हती. सांगावा पोहोचवा, ढोर ओढा, सरपण फोडा, आणि मोबदला म्हणून बलुते व शिळे तुकडे घ्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले, तेव्हा त्यांचा आक्षेप नेमका यावर होता की, कामास मर्यादा नाही आणि मोबदल्यास निश्चिती नाही. आज आपल्या शाहिराची स्थिती या कसोटीवर घासून पाहा. किती वेळ गावयाचे, हे ठरलेले नाही. काय मिळणार, हेही ठरलेले नाही. मागितले तर तो लोभी ठरतो. न मागितले तर उपाशी राहतो. गावकीचा पाटील गेला. त्याच्या जागी आपली उत्सव समिती येऊन बसली काय?

जलशाचे आपणांवर किती ऋण आहे, ते स्मरा. वर्तमानपत्र वाचता येणारी माणसे आपल्यात बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हा १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले. तमाशाच्या जुन्या साच्यातील गणपतीचे स्तवन आणि गौळण त्यांनी बाजूस सारली व त्या जागी माणुसकीचा प्रश्न उभा केला. सभेचे भाषण ज्याच्या कानावर पडले नाही, त्याच्या कानी जलशाचे गाणे पडले. आपल्या आजीने बाबासाहेबांचे नाव प्रथम बहुधा गाण्यातच ऐकले असेल.

पुढे वामनदादा कर्डक आले. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. मुंबईत मिळेल ते काम केले, अक्षरओळख मोठेपणी करून घेतली आणि हजारो गीते रचली. या कवीने केवळ वंदनेची गीते लिहिली, असा ज्यांचा समज आहे, त्यांनी त्यांना नीट ऐकलेले नाही. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, या धनाच्या राशीत श्रमणाऱ्यांचा वाटा कोठे आहे, असा रोखठोक सवाल त्यांनी गाण्यातून केला. राजकारण, निषेध आणि आर्थिक न्याय या तीन गोष्टी त्यांच्या ठायी निराळ्या नव्हत्याच. मतदानाचा हक्क मिळाला पण पोटाचा हक्क मिळाला नाही, तर पहिला हक्कही फार काळ टिकावयाचा नाही, हे त्यांच्या गीताचे सार होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, असे त्यांनी देशास बजावले होते.

आता मला सांगा, वाट्याचा प्रश्न विचारणारे हे गीत आपण फुकट गाववून घेतो, तेव्हा तो प्रश्न कोणावर उलटतो? टाटा-बिर्लांवर की आपणांवर?

यावर तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, चळवळीचे गाणे हे व्रत आहे, धंदा नव्हे. ठीक. मग व्रत एकट्या गायकासच का? मांडववाल्यास का नाही? मी वकील आहे; पक्षकार माझे शुल्क देतात, तेव्हा माझ्या निष्ठेस बाधा येते, असे कोणी म्हणत नाही. दुसरे उत्तर असे की, समाज गरीब आहे. गरीब आहे खरा. परंतु ज्या वस्तीत मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांना पैसा पुरतो, त्या वस्तीत गळ्यास पैसा पुरत नाही, हे मला पटत नाही. तिसरे उत्तर सर्वांत गोड आहे: गीत कोणा एकाचे नसते, ते समाजाचे असते. गीत समाजाचे जरूर असावे. पण कवीचे नाव गाळून आणि त्याचा घास काढून घेऊन ते समाजाचे होत नाही. जमीन कसणाऱ्यास दूर सारून ती "गावाची" म्हणविणारे आपण पूर्वी पुष्कळ पाहिले आहेत.

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये गीत रचताच कवीचा त्यावर हक्क उत्पन्न होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क कवीच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. कवीचे नाव सांगितले जावे आणि त्याच्या शब्दांची मोडतोड होऊ नये, हा हक्कही कलम ५७ ने त्यास दिला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांसही आपल्या कलाप्रयोगावर हक्क मिळाला. त्यांच्या संमतीवाचून त्यांचे गायन मुद्रित करून बाजारात आणता येत नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गीताच्या कवीस व संगीतकारास रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क सोडून देता येणार नाही. तसा करार लिहून घेतला, तरी तो व्यर्थ आहे.

माझ्या कचेरीत आमच्या कलावंतांचे जे कागद येतात, त्यांत बहुधा एकच ओळ असते: ठोक रक्कम मिळाली, सर्व हक्क दिले, खाली अंगठा किंवा सही. कॅसेटच्या काळात हे झाले. मोबाइलच्या काळातही होत आहे. अशा कागदास भिऊ नका. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती ५ वर्षांचीच धरतो. जुने कागद जपून ठेवा आणि जाणत्या वकिलास दाखवा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गीत गाण्यास कॉपीराइटचा कायदा आडवा येत नाही. तशी सूट कलम ५२ मध्ये आहे. तेव्हा आपल्या घरच्या लग्नात गीत गायले म्हणून आपण गुन्हेगार ठरत नाही. परंतु ती सूट कवीच्या परवानगीपुरती आहे. समोर बसून घसा कोरडा करणाऱ्या माणसाच्या मजुरीपासून ती कोणास मुक्त करीत नाही. घटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार निषिद्ध केली आहे. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दंडुक्याची सक्ती हीच काय ती सक्ती नव्हे. दारिद्र्यामुळे माणसास नाही म्हणता येत नाही, तीही सक्तीच होय. जयंतीचा कार्यक्रम म्हणजे कायद्याच्या भाषेत वेठबिगार, असे मी म्हणत नाही. पण ज्या तत्त्वाने ती बंदी घातली, ते तत्त्व आपल्या मांडवाच्या दाराशी येऊन थांबावे काय?

आणि धम्म? भगवान बुद्धांनी सिगालास उपदेश करताना, काम करवून घेणाऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळोवेळी विश्रांती द्यावी. यांत आशीर्वाद नाही, उपकार नाही, हिशेब आहे. सम्यक आजीविका ही केवळ स्वतःच्या पोटापुरती पाहावयाची गोष्ट नव्हे. आपल्या दारी काम करणाऱ्याची आजीविका सम्यक राहील, हे पाहणेही तिच्यातच येते.

अण्णाभाऊ साठे १९६९ साली हलाखीत गेले, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. १९९७ च्या ११ जुलैस रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा माणसे ठार झाली. ते दुःख सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी आपले जीवन संपविले. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी आयुष्यभर गरिबांचेच गाणे गायिले होते. मेलेल्या शाहिरांवर आपण अश्रू ढाळतो. जिवंत शाहिरास बिदागी विचारावयास मात्र लाजतो.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आणि प्रत्येक उत्सव समितीने पुढील नियम आजच करावेत. गायक, ढोलकीवाला, कोरस यांचे मानधन कार्यक्रमापूर्वी ठरवावे आणि कागदावर लिहावे. ते मंचावरून उतरण्याआधी हाती द्यावे. वेळ ठरवावी आणि ती पाळावी. प्रवास व जेवण वेगळे द्यावे. प्रत्येक गीतापूर्वी कवीचे नाव उच्चारावे. संमतीवाचून मुद्रण करून यूट्यूबवर टाकू नये. वस्तीतील वृद्ध कलावंतास शासनाच्या मानधन योजनेचा अर्ज भरून द्यावा. तो अर्ज भरणे ही शिकलेल्या मुलामुलींची जबाबदारी आहे. आणि कलावंतांनो, तुम्हीही मान खाली घालून नव्हे, वर करून मागा. मजुरी मागणे ही भीक नव्हे.

धर्मांतर करून आपण माणसे झालो, असे आपण म्हणतो. मग आपल्या दारी कोणाही माणसाचे काम फुकट घेतले जाणार नाही, ही त्याची पहिली खूण असू द्या. ज्या समाजाने वेठ नाकारून इतिहास घडविला, त्याने आपल्याच शाहिरावर ती लादू नये.

जय भीम!