अढीतला वायू आणि कार्बाइडची पुडी

‘एक नासका आंबा सारी अढी नासवतो’, हे आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, हे 1934 साली आर. गेन यांनी इंग्लंडमध्ये सफरचंदावर सिद्ध केले. दुखावलेल्या वा नासू लागलेल्या फळातून तो अधिक निघतो व शेजारच्या फळांस पिकण्याची चालना देतो. पेंढ्यात ऊब राहते, हा वायूही कोंडतो. म्हणून अढी पिकते.

इथिलीन हे अल्कीन कुळातील सर्वांत लहान संयुग होय. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन व हायड्रोजनचे चार अणू असून दोन्ही कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. या दोहोंपैकी एक बंध कमकुवत असतो. तो सहज उघडतो व तेथे दुसरे अणू येऊन जोडले जातात. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणात हा वायू सोडला, तर द्रावणाचा रंग उडून तपकिरी साका उरतो. दूरच्या वाहतुकीत फळे लवकर पिकू नयेत म्हणून पेटीत परमँगनेटच्या पुड्या ठेवतात, त्या याच कारणाने.

कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की निघतो तो असिटिलीन वायू. त्यात तिहेरी बंध असतो. त्याचा परिणाम काहीसा इथिलीनसारखाच होऊन साल पिवळी पडते. परंतु बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असतात. म्हणून त्याने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूस मात्र भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 साली, हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत, परवानगी दिली.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात वा दादरला पेटी घेताना गिऱ्हाईक विचारते, “औषधाने पिकविलेला नाही ना?” त्याच्या लेखी दोन्ही वायू सारखेच. पण दोष त्याचा नव्हे. गिरगाव, परळ, लालबाग येथील कित्येक कुटुंबे मूळची कोकणातील. अढीच्या आंब्याचा वास त्यांच्या ओळखीचा आहे. बाहेरून पिवळा आंबा आतून आंबट निघाला की त्यांचा विश्वास उडतो आणि त्याची झळ प्रामाणिक बागायतदारासही लागते.

माझे स्पष्ट मत असे की, खरा प्रश्न काढणीचा आहे. पिकताना फळातील स्टार्चची साखर होते. तो स्टार्च झाडावरच भरावा लागतो. कोणताही वायू कोवळ्या फळात गोडी घालू शकत नाही. तेव्हा हंगामारंभीच्या चढ्या दराचा मोह आवरावा. देठाजवळ खांदे भरलेले, पाण्यात बुडणारे फळच उतरवावे. ते अढीत पिकवावे किंवा मोजून इथिलीन देणाऱ्या रायपनिंग चेंबरमध्ये. इथिलीन ज्वालाग्राही असल्याने ते काम जाणकारांकडेच सोपवावे.

ग्रामसेवकांनी हा फरक बागेत, काढणीपूर्वीच समजावून द्यावा. फळ पेटीत भरल्यावर सांगून काय उपयोग?