पाणवठा, कायदा आणि शील

भारतीय संविधानाचा सतरावा अनुच्छेद शिकवीत असताना कोणी ना कोणी विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे असे येथे लिहिले आहे, मग ती अजून दिसते कशी?” प्रश्न भाबडा वाटतो, परंतु त्याने भल्याभल्या विचारवंतांना थकविले आहे. जो अन्याय लोकांच्या नीतिकल्पनेतच मुरलेला आहे, तो कायद्याने दूर होतो काय? “मने बदलली पाहिजेत, कायदे करून काय होणार?” हे वाक्य आपण सभांतून, पारावर आणि कधीकधी शिक्षकांच्या खोलीतही ऐकतो. इतिहासाचा शिक्षक या नात्याने या वाक्याची परीक्षा करावी, असे मला वाटते. त्यासाठी महाडपासून आरंभ करणे उचित ठरेल.

१९२३ च्या ऑगस्ट महिन्यात सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण त्याचे पाणी भरण्याचे धाडस तीन वर्षे कोणालाही करता आले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला.

पुढे काय घडले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या सत्याग्रहापूर्वी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम येऊन धडकला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. तोही कशाच्या आधारे? अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून. माणसाला माणसाने पाणी नाकारणे हे अधर्म्य आहे, असे म्हणण्यासाठी त्या काळच्या कायद्याजवळ शब्दच नव्हते. ते शब्द पुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या संविधानाने दिले.

या इतिहासातील एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. तळ्याची शुद्धी करणारे लोक आपण पाप करीत आहोत असे मानत नव्हते. आपण पुण्यकर्म करीत आहोत, अशीच त्यांची श्रद्धा होती. म्हणून ‘समाजात नीती उरली नाही’ हे निदान अपुरे आहे. नीती होती, पण ती एका जातीच्या कुंपणातील नीती होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नीती सर्वांसाठी सारखी असली पाहिजे, असा आग्रह धरला आहे, तो याच कारणाने. अशा कुंपणातील नीतीने आपण होऊन बदलावे म्हणून किती पिढ्यांनी तहानलेले राहायचे? मनपरिवर्तनाची वाट पाहण्याचा सल्ला बहुधा ज्याच्या घरी पाणी आहे तोच देतो.

उलट, केवळ कायद्यावर विसंबणेही बाबासाहेबांना मान्य नव्हते. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर दिलेल्या व्याख्यानात, हक्कांचे खरे रक्षण समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, कायदा एकटा करू शकत नाही, असे त्यांनी बजावले होते. असे म्हणणारा पुरुष पुढे संविधानाचा शिल्पकार झाला, यात विसंगती नाही. कायद्याची मर्यादा ज्याला ठाऊक होती, त्यानेच कायदा इतक्या निगुतीने घडविला.

ही मर्यादा पाहण्यासाठी आपल्याला फार लांब जाण्याची गरज नाही. २०१६ च्या कडक उन्हाळ्यात आपल्याच वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवरून अपमानित होऊन परतावे लागले. त्या मजुराने मजुरीचे काम सांभाळून, रोज पहाटे व सायंकाळी खणून, सुमारे चाळीस दिवसांत स्वतःची विहीर खोदली. लोक हसले; पाणी लागले तेव्हा वस्तीची सोय झाली. ही बातमी देशभर गाजली. त्याच्या जिद्दीला आपण सर्वांनी वंदन केले, ते योग्यच. परंतु एक तपशील आपण घाईने ओलांडला. विहीर-मालकाचे नाव सांगण्यास त्याने नकार दिला. गावात वैर नको, हे त्याचे कारण. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा होता, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही त्याच वर्षी विधिमंडळाने संमत केला. तरीही त्याला पोलीस ठाण्यापेक्षा कातळ फोडणे सोपे वाटले. कारण तक्रार एका दिवसाची असते आणि गावात मात्र जन्मभर राहायचे असते.

याचा अर्थ कायदे व्यर्थ आहेत असा मी काढत नाही. कायदा दार उघडतो आणि दार अडविणाऱ्याचा हात धरतो. आज कोणी उघडपणे तळ्याची शुद्धी करावयास धजत नाही, हे कायद्याचेच श्रेय आहे. पण दारातून आत येणाऱ्याला “या, बसा” म्हणणे कायद्याच्या हाती नाही. त्या गावात दहा शेजारी विहिरीवर त्या माऊलीच्या बाजूने उभे राहिले असते, तर कायद्याची पायरी चढण्याची वेळच आली नसती. आणि आली असती, तरी तिचा पती एकटा पडला नसता.

येथे शीलाचे कार्य सुरू होते. पंचशील ही कोणाची आज्ञा नव्हे. तेथे माणूस स्वतःच, स्वतःच्या मुखाने, विरत राहण्याची शिकवण ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा पाळल्या जातात की नाही, हे पाहण्यास कोणी शिपाई नेमलेला नाही. म्हणूनच ही कसोटी आधी आपल्याला लावली पाहिजे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. आपल्या समाजातील किती सोयरिका देण्याघेण्याची बोलणी न होता जुळतात? पंचशील म्हणून झाल्यावर त्याच मंडपात मोटारसायकलची बोलणी करणारे पालक आपण पाहिलेले नाहीत काय? दुसऱ्यांनी कायदा पाळावा आणि आपण रीत पाळावी, हा न्याय आपल्याला शोभणारा नाही.

आपल्या वसतिगृहात रोज संध्याकाळी मुले एका पंगतीत बसतात, पाळीपाळीने वाढतात, एकाच माठातले पाणी पितात. त्यासाठी कोणताही कायदा वाचून दाखवावा लागत नाही. ती सवय झालेली आहे. शाळा एवढेच करू शकते, आणि ते थोडे नाही. माजी विद्यार्थ्यांकडे व पालकांकडे माझे मागणे एकच आहे : येथे जडलेली ही सवय गावाच्या विहिरीवर, कचेरीच्या टेबलावर आणि लग्नाच्या बैठकीत मोडू देऊ नका.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगतो, “बाळ, संविधानातील ते वाक्य म्हणजे निकाल आहे. त्याची अंमलबजावणी तुझ्यामाझ्याकडे आहे.”