‘भूमिगत’ कोणापासून?

मराठी रॅपविषयीच्या चर्चेत एक समीकरण सर्रास गृहीत धरले जाते : थोड्यांनी ऐकलेले ते ‘अंडरग्राउंड’, म्हणून अस्सल, पुष्कळांनी ऐकलेले ते ‘मेनस्ट्रीम’, म्हणून विकाऊ. मग श्रोत्यांच्या अभिरुचीचीही तशीच प्रतवारी होते. ‘गली बॉय’नंतर (2019) हे समीकरण नांदेड-लातूरच्या मराठी विभागांतही ऐकू येते. ते मला मुळातच अमान्य आहे.

निदान मराठवाड्याने तरी ‘भूमिगत’ हा शब्द इतका स्वस्त करू नये. 1947-48 मध्ये निजामी राजवटीविरुद्ध लढणारे येथले भूमिगत कार्यकर्ते लपले ते सत्तेपासून, लोकांपासून नव्हे. लोकांच्याच आधाराने ते तगले. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर राजकीय रॅपबद्दल अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. गाणे तर मोबाइलवरून सर्वदूर पोचलेले. ते कोणत्या रकान्यात घालणार? उलट, मित्रमंडळापुरते फिरणारे कितीतरी रॅप स्वतःची गाडी आणि स्वतःचा दरारा यांतच रमलेले असते. ऐकणारे थोडे, एवढाच त्याचा बंडखोरपणा.

श्रोत्याचे म्हणाल, तर लातूरला शिकवणीसाठी येऊन राहिलेला मुलगा ‘तांबडी चामडी’वर (2024) नाचतो, रात्री मुंगासे ऐकतो आणि 14 एप्रिलला प्रल्हाद शिंदे. या तीन अभिरुची नव्हेत. एकाच माणसाचे तीन प्रसंग आहेत.

खरे दुखणे जुने आहे. वामनदादा कर्डक (1922-2004) गावोगाव गात फिरले, लाखोंच्या तोंडी बसले. आपल्या समीक्षेने त्यांना ‘प्रचारगीतकार’ म्हणून दाराबाहेर ठेवले. ‘गीतरामायण’ही (1955-56) लोकप्रियच होते. त्याच्या लोकप्रियतेचा मात्र कोणाला इतका संशय आला नाही. म्हणजे आक्षेप संख्येला नव्हताच. ऐकणारे कोण, याला होता. आज तोच आक्षेप इंग्रजी पारिभाषिक शब्द पांघरून आला आहे. तपासायचेच तर यमक अर्थाला पुढे नेते की नुसते कानाला रिझवते, बोलीतले क्रियापद लयीत कसे बसते, कवी कोणाला उद्देशून बोलतो, हे तपासा. त्यासाठी श्रोते मोजावे लागत नाहीत.

हे लिहिताना मी निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी रॅप हा विषय मांडला. ‘याला संहिता कुठे आहे?’ असे विचारून समितीने तो नाकारला. त्या समितीत मी होतो, आणि गप्प होतो. त्याने मग ग्रामीण कादंबरीवर लिहिले, नेटके लिहिले. तो स्वतः रॅप रचत असे, हे मला पुढे त्याच्या मित्राकडून कळले.