पांढरे रस्ते

रस्ता डांबरी झाला म्हणजे गांव सुधारलें, अशी आपल्या सर्वांची सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदींच चुकीची आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. रोग्यास इस्पितळांत, विद्यार्थ्यास शाळेंत आणि शेतमालास बाजारांत वेळेवर पोंचावयाचें असेल तर पक्का रस्ता हवाच. परंतु या समजुतीच्या पोटीं दुसरी एक समजूत दडलेली असते. ती अशी कीं, जो रस्ता डांबरी नाहीं तो रस्ताच नव्हे. ही दुसरी समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. आणि ती तपासण्यास इटली देशांतील टस्कनी प्रांताइतकें सोयीचें स्थळ क्वचितच सांपडेल.

फ्लॉरेन्स व सिएना या दोन इतिहासप्रसिद्ध शहरांच्या मध्यें किआंती नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. येथील द्राक्षमद्याची कीर्ति जुनी आहे. टस्कनीचा अधिपति तिसरा कोझिमो यानें १७१६ सालीं जाहीरनामा काढून ज्या प्रदेशांच्या सीमा आंखून दिल्या, त्यांत किआंतीचा समावेश होता. उतारांवर द्राक्षमळे, त्यांच्या कडेस ऑलिव्हचीं झाडें, माथ्यावर एखादा दगडी वाडा, आणि या सर्वांस जोडीत वळणें घेत जाणारे खडीचे रस्ते, असें येथील दृश्य आहे. या भागांतील चुनखडीमुळें त्या रस्त्यांचा रंग फिकट पांढरा दिसतो. म्हणूनच इटालियन भाषेंत त्यांस ‘स्त्रादे बियान्के’, म्हणजे ‘पांढरे रस्ते’, असें साधें नांव पडलें आहे.

हे रस्ते इतके दिवस टिकले ते कोणाच्या सौंदर्यदृष्टीमुळें नव्हे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत येथील शेती बहुतांशीं अर्धेलीची होती. जमीन मालकाची, श्रम कुळाचे आणि पीक दोघांचें निम्मेंनिम्मे. युद्धानंतर कुळांचीं कुटुंबें शहरांतील कारखान्यांकडे गेलीं, आणि १९६४ सालीं कायद्यानें अर्धेलीचे नवे करार बंद केले. कित्येक घरें ओस पडलीं. जेथें राहणारा माणूसच उरला नाहीं, तेथें डांबराची निकड कोणास वाटणार? पुढें मद्याचा व्यापार वाढला, ओस घरें पुन्हां नांदूं लागलीं, प्रवासी येऊं लागले; आणि मग पांढरे रस्ते एकामागून एक काळे होऊं लागले. दारिद्र्यानें जें राखिलें तें संपन्नतेच्या काळांत नाहींसें होण्याची वेळ आली.

अशा वेळीं जानकार्लो ब्रोची या गृहस्थानें १९९७ सालीं गायोले या किआंतीमधील लहानशा गांवापासून एक सायकलयात्रा काढिली. तिचें नांव ‘लेरोइका’, म्हणजे ‘वीरांची’. पहिल्या वर्षीं तींत ९२ सायकलस्वार होते. ही शर्यत नव्हे. येथें पहिला व शेवटचा असा भेद नाहीं. सायकल मात्र १९८७ पूर्वींच्या बनावटीची असावी असा दंडक आहे. गिअरचा दांडा सांगाड्यावर, ब्रेकची तार उघडी आणि पायट्यास कातडी पट्टा. पूर्वींच्या शर्यती अशाच खडबडीत रस्त्यांवर होत. १९३८ व १९४८ या दोन सालीं फ्रान्सची जगप्रसिद्ध सायकलशर्यत जिंकणारा जीनो बार्ताली हा फ्लॉरेन्सनजीकच्या खेड्यांतलाच. त्या पिढीच्या श्रमांचें स्मरण हा यात्रेचा एक हेतु, आणि उरलेले पांढरे रस्ते वांचविणें हा दुसरा. यात्रेचा सर्वांत लांब मार्ग सुमारें २०९ किलोमीटरचा असून त्यांतील जवळजवळ अर्धा भाग खडीचा आहे. आज हजारों लोक देशोदेशींहून त्यासाठीं येतात. २००७ सालापासून व्यावसायिक खेळाडूंची ‘स्त्रादे बियान्के’ नांवाची शर्यतहि याच मुलखांत सुरू झाली. ती सिएनाच्या जुन्या चौकांत संपते. २०१५ पासून स्त्रियांचीहि शर्यत तेथें होते. अलीकडे तर अशा रस्त्यांसाठीं रुंद टायरांच्या निराळ्या सायकली जगभर बनूं लागल्या आहेत. जो रस्ता मागासलेपणाची खूण ठरत होता, तोच त्या प्रांताचें भूषण ठरला.

येवढ्यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, रस्ता तसाच पडूं द्यावा म्हणजे तो आपोआप सुंदर राहतो. हें अनुमान घातक आहे. खडीच्या रस्त्याचा मोठा शत्रु पाणी. डोंगरउतारावर तर एक जोराचा पाऊस त्याच्या अंगावर नाला पाडून जातो. म्हणून रस्त्याचा मध्यभाग कांसवाच्या पाठीप्रमाणें किंचित् उंच राखावा लागतो, दोन्ही बाजूंचे चर मोकळे ठेवावे लागतात, वाहून गेलेली खडी पुन्हां पसरून दाबावी लागते. आणि हें सर्व एकदां करून भागत नाहीं, पुनः पुनः करावें लागतें. डांबरी रस्ता कांहीं काळ दुर्लक्ष सहन करितो. खडीचा रस्ता तें सहन करीत नाहीं. तेव्हां कच्चा रस्ता राखणें आणि रस्त्याची हेळसांड करणें या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत, हें प्रथम ध्यानांत धरिलें पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मोटार गेली कीं धुरळा उडतो, तो वेलींवर बसतो, घरांत शिरतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतो. वर्षांतून एक दिवस सायकलीवरून येऊन जो या धुळीचें कौतुक करितो, त्यानें ती तीनशें पासष्ट दिवस खाणाऱ्यास सौंदर्याचे धडे देऊं नयेत. पाहुण्याच्या आनंदासाठीं यजमानानें गैरसोय सोसावी, हा न्याय नव्हे. आमच्या मतें यांतून मार्ग एकच आहे. गांवास दवाखान्याशीं, शाळेशीं व बाजारपेठेशीं जोडणारा मुख्य रस्ता निःसंशय पक्का करावा. मळ्यांमधून व टेकड्यांवरून जाणाऱ्या आडवाटा मात्र तेथील रहिवाशांची संमति असेल तर तशाच राखाव्या. आणि त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चाचा योग्य वांटा, त्यांवर आनंद लुटावयास येणाऱ्यांनीं उचलावा. वाट पाहुण्यांनीं वाखाणावी, पण तिच्याविषयींचा निर्णय मात्र तिच्यावर राहणाऱ्यांनींच करावा.

हा विचार परदेशापुरताच आहे असें नाहीं. आपल्या नाशिक जिल्ह्यांत दिंडोरीकडे टेकड्यांच्या कुशींत द्राक्षमळे पसरले आहेत, आणि त्यांच्या मधून मुरुमाच्या वाटा जातात. त्या सर्वच तशा राहाव्या असा आमचा आग्रह नाहीं. मळेवाल्यास बाग व माल सांभाळावयाचा असतो. परंतु कोणती वाट पक्की करावयाची व कोणती राखावयाची, हा विचार वाट उरली आहे तोंवरच होऊं शकतो. विद्यार्थिमित्रांनीं सुटीच्या दिवशीं सायकल काढून आपल्या परिसरांतील अशा वाटा एकदां डोळे उघडे ठेवून पाहाव्या. चर कोठें बुजले आहेत, पाणी कोठें साचतें, कोण कोणत्या कामासाठीं त्या वाटेनें जातो, हें टिपून घ्यावें आणि तेथील शेतकऱ्यास त्याची इच्छा विचारावी. पायानें सायकल चालविणाऱ्यास रस्त्याचा प्रत्येक चढउतार कळतो. मोटारींत बसणाऱ्यास तो कळत नाहीं. ज्यास रस्ता असा कळला आहे, त्याच्याच मतास पुढें गांवच्या सभेंत कांहीं वजन राहील.